गुलाबी पडलेला दशावतार: दोन प्रिंट, एक व्हीएचएस आणि मूठभर स्लाइड्स यांतून रंग परत मिळवताना

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका गावाच्या जत्रेवर 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात 16 मिलिमीटरची रंगीत फिल्म तयार झाली. खर्च केला तो गावच्याच मुंबईकर मंडळाने. गिरणगावात राहणाऱ्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून कॅमेरा, फिल्म आणि लॅबचे पैसे उभे केले होते. गावाचं, मंडळाचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही.

फिल्म 22 मिनिटांची, म्हणजे 16 मिलिमीटरच्या हिशोबाने 792 फूट, दोन रिळांत. पहिल्या रिळात दिवस: पालखी, ओटी भरायला लागलेली बायकांची रांग, जांभ्या चिऱ्याची देवळाची तटबंदी, मागे माड-पोफळी. दुसऱ्या रिळात रात्रीचा दशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, काळ्या पोशाखातला लाल जिभेचा संकासुर आणि मग आख्यान. त्या रात्री रंगमंचावर असलेले बहुतेक कलाकार आज हयात नाहीत. त्यांच्या पोशाखांचे, चेहऱ्यावरच्या रंगरेषांचे दुसरे रंगीत पुरावे जवळजवळ नाहीत. हे काम मनापासून करावंसं वाटलं ते यासाठी.

आमच्या हाती चार गोष्टी आल्या. गावच्या वाचनालयातल्या कपाटात पत्र्याच्या डब्यांत ठेवलेली पूर्ण प्रिंट. तिला पुढे ‘गावची प्रिंट’ म्हणतो. मंडळाच्या मुंबईतल्या खोलीत सापडलेली ‘मुंबईची प्रिंट’, पण तिचं फक्त दुसरं रीळ. एक व्हीएचएस कॅसेट: 1980च्या दशकाच्या अखेरीस मंडळाच्या मेळाव्यात फिल्म पडद्यावर दाखवली, तेव्हा कुणीतरी व्हिडिओ कॅमेरा पडद्याकडे रोखून ती टिपली होती. आणि बऱ्याच उशिरा, एका सभासदाच्या घरच्यांकडून आलेल्या, कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मवरच्या थोड्या स्लाइड्स, चित्रीकरणाच्याच रात्री काढलेल्या. मूळ निगेटिव्ह ज्या लॅबमध्ये होतं ती लॅब केव्हाच बंद पडली, त्यामुळे तो मार्ग सुरुवातीलाच मिटला.

अडचण नेमकी काय होती

गावच्या प्रिंटचं पहिलं रीळ उलगडलं तेव्हा सगळी जत्रा गुलाबी दिसत होती. माड जांभळट, आकाश फिकट गुलाबी, माणसं भाजल्यासारखी. डब्यातून व्हिनेगरचा वास येत होता. फिल्मचा पाया असलेलं ॲसिटेट ओलाव्याने आणि उष्णतेने विघटित होऊ लागलं की ॲसिटिक आम्ल सुटतं, त्याचा तो वास. असा पाया आक्रसतो आणि पुढे ठिसूळ होतो. किनारपट्टीवर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते. रंगीत फिल्मला दीर्घकाळ टिकायला कोरडी हवा आणि शून्याच्या आसपास किंवा त्याखालचं तापमान लागतं. वाचनालयाच्या कपाटाकडून ती अपेक्षा करता येत नाही.

गुलाबीपणाचं कारण वेगळं. 1950 साली ईस्टमनकलर ही कोडॅकची रंगीत फिल्म आली आणि पुढच्या काळात जगभरच्या प्रिंट याच जातीच्या फिल्मवर निघू लागल्या. तिच्यात एकावर एक तीन थर असतात आणि त्यांत तीन रंगद्रव्यं: पिवळं, किरमिजी म्हणजे मॅजेंटा, आणि निळसर हिरवं म्हणजे सायन. त्या काळच्या प्रिंट फिल्मवरचं सायन अंधारात, बंद डब्यातसुद्धा सगळ्यांत आधी उडतं. पिवळंही बरंच जातं. किरमिजी टिकतं. सायनचं काम लाल प्रकाश अडवण्याचं, पिवळ्याचं निळा प्रकाश अडवण्याचं. दोघं दुबळे झाले की लाल आणि निळा प्रकाश चित्रातून मोकळा सुटतो आणि सगळं गुलाबी होतं. उडालेलं द्रव्य कुठल्याही रसायनाने परत येत नाही.

यातच पुढच्या कामाची किल्लीही होती. स्कॅन लाल, हिरवी आणि निळी अशा तीन रंगांच्या वाहिन्यांत फोडला की हिरवी वाहिनी जवळजवळ शाबूत निघते, कारण ती किरमिजी द्रव्यावर अवलंबून असते. बारीक तपशील, उजेड-सावली, पोफळीच्या झावळ्यांच्या कडा, सगळं तिच्यात आहे. लाल वाहिनी मात्र पाण्यात धुतल्यासारखी, नावापुरती. ती ताणून गडद केली तर चित्राबरोबर फिल्मचे दाणेही फुगतात.

एका गोष्टीने सुरुवातीला सगळ्यांनाच चकवलं. जांभ्या दगडाची तटबंदी गुलाबी फिल्ममध्येही बऱ्यापैकी ‘बरोबर’ दिसते, कारण तो दगड मुळातच तांबडा. त्यामुळे मंडळातल्या काहींना वाटत होतं की थोडा गुलाबी कमी केला की झालं.

समोरचे पर्याय

सगळ्यांत स्वस्त पर्याय म्हणजे फक्त गावची प्रिंट स्कॅन करून तिचेच रंग ताणायचे. करून पाहिलं. चेहरे सुधारले, पण हिरवा परत आला नाही. ज्या वस्तूत एकेकाळी सायन आणि पिवळं होतं तिथे आता दोन्ही इतके थोडे उरले होते की रात्रीच्या एका प्रवेशातलं हिरवं लुगडं आणि मागचा पिवळसर पडदा आकड्यांत एकच झाले होते. आकड्यांत एक असलेल्या दोन गोष्टी कितीही ताणल्या तरी वेगळ्या होत नाहीत.

दुसरा पर्याय होता फिल्म कृष्णधवल करून जपायची. हिरवी वाहिनी चांगली असल्याने चित्र सुरेख आलं असतं आणि ते प्रामाणिकही झालं असतं. मंडळातल्या एका ज्येष्ठांचा याला पाठिंबा होता. पण दशावतारात रंग हाच अर्धा मजकूर असतो. पात्र तोंड उघडण्याआधी ते कोण आहे हे पोशाख आणि रंगवलेला चेहरा सांगतो.

तिसरा आग्रह तरुण मुलांचा: यांत्रिक बुद्धिमत्तेने आपोआप रंग भरू. निकाल काही मिनिटांत मिळतो, दिसायलाही गोड. मी याला ठाम विरोध केला. अशी प्रणाली तिने पाहिलेल्या लाखो चित्रांवरून सरासरी अंदाज बांधते. त्या चित्रांत आपल्या गावचा रात्रीचा दशावतार असण्याची शक्यता नगण्य. तिने दिलेला शालूचा रंग कुठल्या तरी दुसऱ्याच शालूचा असणार, आणि एकदा तो पडद्यावर दिसला की पुढच्या पिढीसाठी तोच खरा ठरणार.

उरला चौथा पर्याय, जास्त वेळखाऊ: प्रत्येक साधनाला साक्षीदार मानायचं आणि त्याने जे खरोखर पाहिलं तेवढंच त्याला विचारायचं. प्रिंटला तपशील आणि हालचाल, कॅसेटला रंगांचं आपसातलं नातं, स्लाइडला विशिष्ट वस्तूचा रंग. मंडळाच्या बैठकीत हे मान्य झालं. मी एक अट घातली: जे एकाही साधनात नाही ते भरायचं नाही.

काम कसं झालं

आधी कॅसेट. फिल्म अजून काही वर्षं तग धरेल, पण व्हीएचएसच्या फितीवर बुरशी धरली होती. ती साफ करून सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पडदा कोरा असतानाचे क्षणसुद्धा न गाळता, संगणकावर उतरवली. हे कोरे क्षण फार कामाचे ठरले. फिल्म सुरू होण्याआधी प्रोजेक्टरचा दिवा नुसता पडद्यावर पडलेला दिसतो: मधे प्रखर, कडांना अंधुक. पडद्यावरून टिपलेल्या प्रत्येक चित्रावर हाच डाग बसलेला असतो. कोऱ्या उजेडावरून त्याचा नकाशा मिळाला आणि सगळ्या कॅसेटमधून तो वजा करता आला.

कॅसेटचे इतर दोष मोठे होते. प्रोजेक्टर सेकंदाला 24 चौकटी दाखवतो आणि दोन पात्यांच्या झडपेमुळे पडदा सेकंदाला 48 वेळा उजळतो. आपल्याकडचा व्हिडिओ मात्र सेकंदाला 50 अर्धचित्रं टिपतो. या फरकामुळे चित्र सेकंदाला दोनदा कमी-जास्त उजळत राहतं, आणि काही व्हिडिओ चौकटींत फिल्मच्या दोन चौकटी मिसळतात. शिवाय व्हीएचएसमध्ये रंगाची सूक्ष्मता फारच कमी, आडव्या दिशेला साधारण 40 रेषांइतकी. म्हणून कॅसेटचा रंग सरळ उचलून फिल्मवर पसरायचा नाही, असं ठरलं. तसं केलं की संकासुराच्या लाल जिभेचा रंग त्याच्या काळ्या पोशाखावर ओघळतो.

त्याऐवजी प्रत्येक दृश्यासाठी कॅसेटची आणि प्रिंटची चित्रं एकमेकांवर नेमकी बसवली आणि संगणकाला विचारलं: प्रिंटमधला हा फिकट गुलाबी कॅसेटमध्ये कुठला रंग आहे, तो गडद गुलाबी कुठला? त्यावरून दृश्यापुरता रूपांतराचा नियम काढला आणि तो प्रिंटच्या स्कॅनला लावला. रंग कॅसेटच्या साक्षीने आला, पण त्याच्या कडा फिल्मच्याच राहिल्या. लुगडं आणि पडद्यासारख्या जागी, जिथे प्रिंटमध्ये दोन रंग एकच झाले होते, तिथेच फक्त तेवढ्या भागाची सीमा आखून कॅसेटचा रंग थेट घेतला. नाचाच्या जलद हालचालींत तोही विस्कटतो. तिथे हाताने चौकट-चौकट सुधारणं हाच उपाय होता.

प्रिंटचं स्कॅनिंग मुंबईत, दाते नसलेल्या रोलरच्या यंत्रावर झालं, कारण आक्रसलेल्या फिल्मची छिद्रं दात्यांवर फाटतात. लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे उजेड पाडून, प्रत्येकाचं एक्सपोजर स्वतंत्र ठेवून चित्रं घेतली. दुबळ्या लाल वाहिनीतून मिळेल तेवढं मिळवायचं तर हे टाळता येत नाही. त्या काळच्या प्रिंटवरची आवाजाची पट्टी मुख्यतः चांदीची असे, त्यामुळे ती विटली नव्हती. तिच्याबद्दल इथे वेगळं लिहीत नाही.

दुसऱ्या रिळाला मुंबईच्या प्रिंटचा मोठा आधार मिळाला. ती वारंवार दाखवली गेल्याने ओरखड्यांनी भरलेली होती, पण तिच्यात सायन थोडं जास्त उरलं होतं. दोन्ही प्रिंट एकाच निगेटिव्हच्या, म्हणजे चित्र तेच. पण प्रिंट फिल्मचे दाणे आणि ओरखडे प्रत्येकीचे स्वतःचे. दोन्ही चौकटी जुळवून लाल वाहिनीची सरासरी घेतली की चित्र टिकतं आणि दाणे शमतात. ओरखडा जिथे असेल तिथे दुसऱ्या प्रिंटचा तुकडा घेता येतो.

निर्णयाच्या जागा

पांढरं कशाला म्हणायचं? रंगाचा तोल साधायला चित्रात एखादी नक्की पांढरी आणि नक्की काळी वस्तू लागते. काळ्यासाठी संकासुर होताच. पांढऱ्यासाठी देवळाची चुना मारलेली भिंत सगळ्यांनी सुचवली, आणि भटजीचं धोतर. पण गावाकडे चुन्यात नीळ घालतात, धोतरालाही नीळ देतात. ती भिंत शुद्ध पांढरी धरली असती तर संगणकाने निळेपणा काढून टाकला असता आणि सगळी जत्रा पिवळट झाली असती. म्हणून भिंत किंचित निळसरच राहू दिली आणि पांढऱ्याचा आधार ओटीतल्या तांदळाच्या जवळून घेतलेल्या दृश्यावर आणि फोडलेल्या नारळाच्या खोबऱ्यावर ठेवला.

जांभ्याचं काय? तटबंदी आजही उभी आहे, तेव्हा तिचा फोटो काढून जुळवू, असं सहज सुचलं. पण पावसाळ्यात चिरा भिजून गडद होतो, वर शेवाळ चढतं. फिल्म जत्रेची, म्हणजे दिवाळीनंतरची, गवत सोनेरी पडायला लागलेलं. त्याच हंगामात, त्याच वेळच्या उन्हात फोटो घ्यायचे म्हणून काम मार्गशीर्षापर्यंत थांबवलं. मंडळाला हा उशीर पटला नव्हता. तटबंदीशेजारचं गवत पिवळं की हिरवं, या एका प्रश्नावर दिवसाच्या सगळ्या दृश्यांचा तोल अवलंबून होता, म्हणून मी आग्रह सोडला नाही.

लुगड्याचा रंग. कॅसेटमध्ये ते निळसर हिरवं, मुंबईच्या प्रिंटमध्ये मळकट हिरवं. तेवढ्यात स्लाइड्स मिळाल्या. कोडाक्रोम अंधारात ठेवलं तर रंग फार चांगले धरून ठेवतं, आणि तिच्यात ते खोल, घट्ट हिरवं दिसत होतं. प्रश्न सुटला असं वाटलं. पण स्लाइड फ्लॅशच्या उजेडात काढलेली आहे आणि फिल्म पिवळसर दिव्यांखाली चित्रित झालेली. शिवाय कोडाक्रोमची स्वतःची रंगांची ढब वेगळी. त्या रात्री साथीला असलेले एक वयस्कर कलाकार भेटले. ते म्हणाले, “ह्यां लुगडां नुसतां हिरवां नाय, मोरपिशी होतां.” स्मृतीवरून छटा ठरवता येत नाही, पण दिशा कळते, आणि ती कॅसेटच्या बाजूने होती. अखेर कॅसेटची छटा घेतली, तिची गडदता स्लाइडच्या आधाराने वाढवली आणि दिव्यांचा पिवळेपणा राहू दिला. आम्हाला 1970च्या दशकात पडद्यावर दिसलेली फिल्म परत आणायची होती. दुकानातून आणलेल्या नव्या लुगड्याचा रंग हा वेगळा विषय आहे.

पालखीवरचा शेला. पहिल्या रिळात साधारण दीड मिनिटाच्या पालखीच्या दृश्यात कॅसेटची फीत बुरशीने खाल्ली आहे. मुंबईच्या प्रिंटचं पहिलं रीळ नाही. स्लाइड्स रात्रीच्या. म्हणजे या तुकड्याला साक्षीदार फक्त गावची प्रिंट. तिच्यात शेला फिकट दिसतो: किरमिजी द्रव्य जवळजवळ नाही, म्हणजे तो लाल किंवा निळा नव्हता एवढं सांगता येतं. पिवळा की पोपटी, हे सांगता येत नाही. गावात दोन्ही मतं निघाली, आणि दोन्ही बाजू तितक्याच ठाम. शेजारच्या दृश्याचा रूपांतराचा नियम लावून जो मंद पिवळट रंग आला तोच ठेवला. या तुकड्यात रंग अंदाजे आहेत, अशी ओळ फिल्मच्या शेवटी घातली. गावातल्या काहींना हे अपुरं वाटलं आणि त्यांची हळहळ मला समजते. पण श्रद्धेच्या वस्तूचा रंग आपण ठरवायचा नाही, यावर मी ठाम राहिलो.

परिणाम

पुढच्या जत्रेला देवळाच्या सभामंडपात फिल्म दाखवली, नंतर मुंबईत मंडळाच्या मेळाव्यात. रात्रीचा भाग सगळ्यांत चांगला उतरला आहे, दोन प्रिंट मिळाल्यामुळे. दिवसाच्या दृश्यांत माडांचा हिरवा अजून थोडा सपाट आहे. एकाच विटलेल्या प्रिंटमधून आणि व्हीएचएसमधून याहून जास्त निघालं नाही. बऱ्याच जणांनी आपली माणसं ओळखली. एका बाईंनी रांगेतल्या आपल्या आईला तिच्या चोळीच्या रंगावरून ओळखलं. गुलाबी प्रिंटमध्ये हा चेहरा त्यांच्या नजरेतून आधी सुटला होता.

मंडळाला तीन गोष्टी सुपूर्द केल्या: रंग न लावलेला मूळ स्कॅन, पूर्ण झालेली फिल्म, आणि कुठल्या दृश्यात कुठलं साधन वापरलं याची दृश्यवार नोंद. उद्या मुंबईच्या प्रिंटचं पहिलं रीळ कुठे सापडलं, तर पुढच्या माणसाला शेल्याचा निर्णय तिथूनच उलटवता यावा, यासाठी ही नोंद. मूळ प्रिंट दुहेरी हवाबंद पिशव्यांत, आत आर्द्रता दाखवणारं कार्ड ठेवून, त्यांच्यासाठीच घेतलेल्या घरगुती फ्रीजमध्ये आहेत. व्हिनेगरचा वास येणारं रीळ वेगळं ठेवलं आहे, कारण त्याचं आम्ल शेजारच्या रिळालाही लागतं. हा कायमचा उपाय नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964पासून हेच काम करतं, आणि प्रिंट अशा ठिकाणी सोपवाव्यात असं माझं मत आहे. गावची वस्तू गावाबाहेर द्यायची का, यावर मंडळात अजून चर्चा चालू आहे.

वेगळं काय करता येईल

माणसांना विचारायचं ते फिल्म दाखवण्याआधी. ज्यांनी आधी गुलाबी किंवा अर्धवट सुधारलेली चित्रं पाहिली त्यांची आठवण त्या चित्रांकडे सरकली. ज्या कलाकारांना नुसतं बोलून विचारलं त्यांची उत्तरं जास्त उपयोगी होती. पुढच्या वेळी नोंदी आधी घ्याव्यात, प्रत्येकाकडून वेगवेगळ्या, आणि मगच पडदा लावावा.

घरोघरचे अल्बम आणि स्लाइडच्या पेट्या पहिल्याच आठवड्यात मागाव्यात. फिल्म शोधताना लोक ट्रंका उघडतात, फोटो आपोआप बाहेर येत नाहीत. स्लाइड्स आधी मिळाल्या असत्या तर रात्रीच्या दृश्यांचं बरंच काम दोनदा करावं लागलं नसतं.

आणि व्हीएचएस कॅसेटींची निकड फिल्मपेक्षा मोठी आहे. व्हीसीआर, म्हणजे या कॅसेटी चालवणारी यंत्रं, बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने 2016च्या जुलैत उत्पादन थांबवलं. चालू यंत्रं दरवर्षी कमी होताहेत आणि त्यांचे सुटे भाग फक्त मोडक्या यंत्रांतून मिळतात. लालबाग-परळच्या खोल्यांत अजून कितीतरी मंडळांच्या मेळाव्यांच्या, जत्रांच्या, नाटकांच्या कॅसेटी पडून आहेत. त्यांतली एखादी, चित्र कितीही वाईट असलं तरी, कुठल्या तरी गुलाबी पडलेल्या फिल्मची एकमेव रंगीत साक्ष असू शकते. टाकून देण्याआधी ती एकदा पूर्ण उतरवून घ्यावी, सुरुवातीच्या कोऱ्या पडद्यासकट.